पाठ टेकवायची जागा

डोळ्यावर पट्टी बांधून माणसाला खाटेवर निजवता येतं, त्याच्या मनाला कोण निजवणार? चावीमामा सकाळपासून इस्पितळाच्या खाटेवर उताणे पडून होते आणि मनाने शहरभर हिंडत होते.

"कुठे आहे गं ती?"

"आत्ता तर विचारलंत," मामी म्हणाल्या.

"आत्ता म्हणजे मघाशी. तेवढ्यात माणूस कुठल्या कुठे जातं."

मामींनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि फोन डोळ्यांसमोर धरला. "पंपघरापाशीच आहे. ठिपका हलत नाहीये."

"मग चहा पीत असेल."

"ठिपक्यावरून चहासुद्धा कळतो वाटतं तुम्हाला!"

"साडेनऊला कळतो," मामा म्हणाले.

आदल्या दिवशी त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा शिवला होता. डावा डोळा आधीच अधू, त्यातून नुसता दुधासारखा उजेड दिसायचा. तीन दिवस मान हलवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पट्टी बांधल्यावर पहिली गोष्ट मामांनी कुठली केली असेल, तर भाचीला फोन करून तिचं लाइव्ह लोकेशन मामींच्या फोनवर सुरू ठेवायला सांगितलं. "मला दिसणार नाही, पण तुझी मामी पाहील आणि मला सांगेल." झालं, तेव्हापासून मामींच्या हातातला फोन खाली आला नव्हता.

चावीमामा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीखात्यात ते एकतीस वर्षं व्हॉल्वमन होते. छातीइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटेपासून रस्ते तुडवायचे, म्हणून अख्खं शहर त्यांना चावीमामा म्हणायचं. भाचे-भाच्या म्हणाल तर हजारो, पण खरी भाची एकच. थोरल्या बहिणीची मुलगी, परीक्षा देऊन, चार पोरांना मागे टाकून तीच त्यांच्या जागेवर लागली होती.

रस्त्याखालून पाणी धावतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्या पाण्याला जागोजागी दारं असतात, हे नळ कोरडा पडल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही. दार म्हणजे व्हॉल्व. त्यावर लोखंडी झाकण, झाकणावर धूळ, धुळीवर गाड्या. अशी दोनशे चौदा दारं मामांना तोंडपाठ होती. पाणी वरचा देतो, पण ते कुठल्या गल्लीत किती वाजता पोचायचं हे मामा ठरवायचे, आणि हे सांगताना ते आधी वर पाहून मनोमन क्षमा मागायचे.

सेवेचे शेवटचे दोन महिने उरले, तेव्हा भाचीने विषय काढला. "मामा, सगळे व्हॉल्व फोनच्या नकाशावर टाकू या. एकेका ठिकाणी जायचं, पिन ठेवायची."

"जागा का कुठे फोनमध्ये असते? जागा पायात असते."

"तुमचे पाय तुमच्याबरोबर रिटायर होणार. मग मी काय करू?"

मामांनी फोन हातात घेतला. तिचं पंपांचं शिक्षण तेव्हा दुसऱ्या टोकाला चाललं होतं, म्हणून तिने फोन कसा धरायचा ते शिकवलं आणि मामांना एकटंच सोडलं. मामा पहिल्या जागी गेले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी बटण दाबलं. नकाशा उघडला. गल्ल्या, चौक, ओढ्यावरचा पूल, आणि मधोमध एक निळा ठिपका. मामा चार पावलं डावीकडे गेले. ठिपका किंचित थबकला आणि चार पावलं डावीकडे गेला. मामा परत आले. ठिपकाही परत आला.

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. वर पाहिलं. स्वच्छ निळं आभाळ, दुसरं काही नाही. तो आपल्याला पाहतो, तो आपल्याला पाहतो, हे त्यांनी जन्मभर ऐकलं होतं, मानलंही होतं. पण इतक्या उंचावरून कुणी नेमकं बोट ठेवून 'तू इथे आहेस' म्हणावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. ज्या माणसांनी हे यंत्र घडवून वर टांगलं, त्यांच्या आयांना मामांनी तिथल्या तिथे नमस्कार करून टाकला.

त्यानंतर मात्र विचारू नका. मामा जातील तिथून लोकेशन पाठवायला लागले. बहिणीला पाठवलं, जुन्या साहेबांना पाठवलं, पेपरवाल्यालासुद्धा पाठवलं. एकदा मामींना घरात बसल्या बसल्या फोनवर टिंग झालं. पाहतात तो मामांचा ठिकाणा, तोही त्यांच्याच घरातला.

"अहो, पलीकडच्या खोलीतून कशाला पाठवलंत?"

"बघत होतो, भिंत कळते का त्याला."

"त्याला कळते. तुम्हाला कांदे आणायला पाठवलं होतं, ते कळतंय का?"

अकरा दिवसांत दोनशे चौदा पिना झाल्या. प्रत्येकीला मामांनी नाव दिलं. वाकडा दिवा. बोलकी आजी. दोन पायऱ्या. शिंप्याची भिंत. भाचीला हसू आलं. "मामा, ही काय नावं झाली?" मामा म्हणाले, "तिथे गेलीस की कळेल." आणि इथेच मामांची एक चूक होऊन गेली होती, जी ना त्यांना कळली, ना तिला.

"ठिपका हलला हो!" मामी एकदम म्हणाल्या.

मामांनी कान टवकारले. "कुठे?"

"पंपघरातून निघाला. अगंबाई, केवढ्या जोरात! गाडीवर आहे वाटतं."

"चढावरच्या रस्त्याने की खालच्या?"

"खालच्या. पुलाकडे."

"पुलाकडे एवढ्या घाईने..." मामांनी खाटेची कड घट्ट धरली. "काहीतरी फुटलंय."

तेवढ्यात फोन वाजला. मामींनी स्पीकर लावला. वारा, गाडीचा आवाज, आणि त्यातून भाची ओरडत होती. "मामा, प्रसूतिगृहाच्या वरच्या चौकात मोठी लाइन फुटली! पाणी सगळं उताराने खाली चाललंय. तळमजल्यावर बाळंतिणी आहेत, काही कालच्याच. दाराशी पाणी टेकलंय म्हणे."

"पंप बंद केले?"

"केले. पण या लाइनला टेकडीवरच्या टाकीचं पाणी आपल्या वजनाने येतं, ते तासभर येतच राहणार. व्हॉल्वच लावावा लागेल. पिन आहे माझ्याकडे. शिंप्याची भिंत. सहा मिनिटांत पोचते."

"गमबूट घातलेस?"

"तुमचेच. माझे अजून खात्यातून आले नाहीत. आत चिंध्या कोंबल्यात."

फोन चालूच राहिला. मामी ठिपक्यावरून नजर हटवेनात. त्यांच्या सांगण्यात आता थट्टा उरली नव्हती. "पूल ओलांडला. बाजाराकडे वळली. थांबली."

"बाजारात आज माल उतरवतात. अगं पोरी, मागच्या बोळातून घाल गाडी, छापखान्याच्या!"

"घातली, घातली," फोनमधून आवाज आला.

"ठिपका बोळात शिरला," मामी म्हणाल्या. "बाहेर पडला. पोचली! अहो, अगदी पिनेला चिकटली."

मामांनी श्वास सोडला. परक्या खोलीत, डोळे बंद, मान बांधल्यासारखी, आणि तरी शहराच्या दुसऱ्या टोकाला पोरगी कुठल्या कोपऱ्यावर उभी आहे हे त्यांना ठाऊक होतं. केवढी ही करामत! मनात आलं, देव प्रसन्न झाला तरी याहून वेगळं काय दाखवेल.

पण पुढे आवाज आला तो पहारीचा. ठक्. ठक्. मग फरशी सरकल्याचा. मग भाचीचा, आणि तो आवाज बदललेला होता.

"मामा, इथे व्हॉल्व नाहीये."

"नाही म्हणजे?"

"पिन फुटपाथवर आहे. मी फरशी उचलली, खाली नुसती माती. रस्त्यावर घोटाभर गढूळ पाणी आहे, तळ दिसत नाही. चार ठिकाणी पहार मारली, सगळीकडे डांबर."

तिच्यामागे कुणीतरी साहेब खेकसत होता. पिना-बिना पोरखेळ आहे, कागदाचा नकाशा मागवा, कचेरीतून कुणाला तरी पाठवा. त्याच्याही मागे, लांबून, एकाच वेळी बरीच तान्ही बाळं रडत होती.

मामांनी मनातल्या मनात मागे जाऊन पाहिलं. अकरा दिवसांचं काम डोळ्यांपुढून गेलं, तेही बंद डोळ्यांपुढून. दोनशे चौदा पिना. पोरीची पहिली एकटीची खेप. आणि पाण्याच्या वाटेत काल जन्मलेले जीव, ज्यांना अजून नावंसुद्धा नव्हती. यंत्राने फसवलं म्हणावं, तर मन घेईना. वरून बघणारा खोटं कशाला बोलेल? मग चुकलं कोण?

"पोरी," ते सावकाश म्हणाले, "तू आत्ता नेमकी कुठे उभी आहेस?"

"पिनवर."

"ते नको. तुझ्या पाठीमागे काय आहे?"

"भिंत आहे. शिंप्याचं दुकान. शटर बंद आहे."

मामांचा चेहरा पट्टीखालीही बदललेला मामींना दिसला. "अरे देवा. अगं, मग बरोबरच उभी आहेस! तिथेच तर मी उभा राहतो."

"पण व्हॉल्व कुठे आहे, मामा?"

"व्हॉल्व तिथे कसा असेल? तिथे पाठ टेकवायची असते. पाठ टेकवायची, समोर बघायचं, आणि तिथून मोजत जायचं. एकतीस वर्षं मी सगळीकडे असंच करत आलो. रस्त्याच्या मधोमध उभं राहून कुणी फोन दाबतं का? गाडी उडवेल!"

 मग भाची म्हणाली, "म्हणजे दोनशे चौदाही पिना..."

"सगळ्या. ते पुढचं पुढे. पाठ टेकव आधी. दोन्ही खांदे भिंतीला लागले पाहिजेत."

"टेकवली."

"समोर हिरवं दार दिसतंय?"

"नाही."

मामींनी तोंडावर हात ठेवला.

"निळं दार आहे, मामा."

"रंगवलं असेल लेकाच्यांनी. वर गोल खिडकी आहे?"

"आहे! तिची काच फुटलेली आहे."

"तीच. ती आमच्यासमोर फुटली. त्या खिडकीकडे तोंड ठेव आणि टाचेला चवडा लावत चल. लांब पाऊल टाकायचं नाही, टाचेला चवडा. सतरा."

"माझे पाय लहान आहेत तुमच्यापेक्षा."

"पायांना विचारतंय कोण? बूट कुणाचे आहेत?"

पलीकडे ती हसली. रडता रडता हसावं तसं. मग मोजायला लागली. एक. दोन. तीन. पाण्यात बुटांचा चुबुक चुबुक आवाज, आणि दर आकड्याला मामांच्या पांघरुणाखाली एक पाय पुढे सरकत होता. सातला तिचा तोल गेला, कुणीतरी "सांभाळा ताई" म्हणालं. बाराला साहेब पुन्हा काहीतरी बोलला, तिने "जरा थांबा, साहेब" म्हटलं, आणि साहेब चक्क थांबला. सोळा. सतरा.

"मार पहार."

ठक्.

मामांनी पटकन विचारलं, "खिडकीकडेच तोंड आहे ना?"

"आहे. पण पाण्याने जरा ढकललं मला, उताराकडे."

"मग चढाच्या बाजूला एक वीत सरक."

ठण्ण.

हा आवाज मामांनी हजारदा ऐकला होता. लोखंडावर लोखंड, खाली पोकळी. पण इतका गोड कधी वाजला नव्हता. देवळातल्या घंटेलाही तो नाद नसेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच त्यांनी मनातल्या मनात कानाला हात लावला.

झाकण उचकटलं गेलं, चावी आत उतरली. "बसली," भाची म्हणाली. "लावते."

"थांब! हा व्हॉल्व उलटा आहे. सगळे उजवीकडे लागतात, हा डावीकडे. बसवणाऱ्याने चूक करून ठेवलीय, माझ्याही आधीची. उजवीकडे फिरवशील तर आणखी उघडेल."

"डावीकडे. बरं. किती फेरे?"

"चोवीस. वीसपर्यंत घाई कर, शेवटचे चार सावकाश. झटकन लावलास तर पाणी मागे उसळी मारतं आणि दुसरीकडे पाइप फुटतो. झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालतात ना, तसे घाल शेवटचे चार."

लोखंड कुरकुरलं. दोन माणसं तिच्या मदतीला आली असावीत, त्यांच्या धापा ऐकू येत होत्या. मामी ओठातल्या ओठात फेरे मोजत होत्या. विसाला चाल मंदावली. एकवीस. बावीस. तेविसाव्याला पाण्याचा आवाज पातळ झाला. चोविसाव्यानंतर तो नुसता गळणाऱ्या नळासारखा उरला, आणि मग रस्त्यावरच्या माणसांचं बोलणं स्वच्छ ऐकू यायला लागलं.

"थांबलं, मामा," भाची म्हणाली.

"आत?"

"उंबऱ्याच्या आत चार बोटं गेलं होतं. सिस्टरांनी गाद्या वर उचलल्यात. सगळी बाळं कोरडी आहेत." मग म्हणाली, "म्हणजे पाण्याने ओली नाहीत. स्वतःच झालीत तेवढीच."

मामा हसले, पण मान हलू न देता, त्यामुळे ते हसणं सगळं पोटात उतरलं आणि खाट हलली.

"बरं," भाची म्हणाली, "आणि बाकीचे दोनशे तेरा?"

आता मात्र मामांना खरोखरच लाज वाटली. "चुकलो गं. मला वाटलं, तिथे उभं राहिलं की पुढचं कुणालाही कळतंच."

"कुणालाही कळलं असतं," मामी मध्येच म्हणाल्या, "तर एकतीस वर्षं लोक 'चावीमामा, चावीमामा' करत दारात कशाला आले असते?"

फोन बंद झाला. मामी नकाशा पाहत राहिल्या. बराच वेळ ठिपका शिंप्याच्या भिंतीपाशी होता.

"काय करतेय?" मामांनी विचारलं.

"काही नाही. उभी आहे."

"राहू दे. पाठ टेकवली असेल." आणि जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "इतकी वर्षं त्या जागी माझ्याशिवाय कुणी उभं राहिलं नव्हतं. आज त्या वरच्या यंत्राने तिला हाताला धरून माझ्या भिंतीपाशी आणून सोडलं. त्याने त्याचं काम चोख केलं. पुढचे सतरा पाय माझ्याकडे होते, ते मीच पोटात ठेवून बसलो होतो."

मामींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

दुपारी ठिपका इस्पितळाच्या फाटकातून आत आला. मामींनी मजले मोजून सांगण्याआधीच कॉरिडॉरमधून चुबुक चुबुक ऐकू आलं आणि त्यामागोमाग सिस्टरचा आवाज. "अहो ताई, हे काय! आत्ताच फरशी पुसलीय!"

"पाणीखातं आहे, सिस्टर," भाची म्हणाली. "आम्ही जाऊ तिथे पाणी."

ती खाटेशी आली. मामांनी हात खाली सोडला, चाचपडत बूट शोधला आणि त्याच्या टोकावर बोटं फिरवली. चिखल अजून ओला होता.

"नवे आले तरी हे टाकू नकोस. मापं सगळी यांतच आहेत."

"टाकणार नाही. पण मापं बुटातून बाहेर काढायची आहेत." तिने बूट काढून कागदावर ठेवला, मोजपट्टी लावली. "एकतीस सेंटिमीटर. आता तुम्ही फक्त पाय सांगा. दर पिनेखाली लिहून टाकते. पाठ कुठे, तोंड कुठे, किती पाय, सुलटा की उलटा. उद्या मीही नसेन, तेव्हा जी कुणी येईल तिला सापडलं पाहिजे."

"तू कुठे चाललीस?"

"कुठे नाही. पण डोळे माझेही अधू होतील की म्हातारपणी."

मामी खुर्ची ओढून जवळ बसल्या, चष्मा पुसून घातला आणि नकाशा उघडला. "सांगते हो एकेक. पहिली, वाकडा दिवा."

"दिवा उजव्या खांद्याला. तोंड बेकरीच्या धुराड्याकडे. नऊ पाय. सुलटा."

"दोन पायऱ्या."

"वरच्या पायरीवर उभं राहायचं, खालच्या नव्हे. बावीस."

"बोलकी आजी."

"ती खिडकीत बसायची. तिच्या खिडकीखाली पाठ टेकवली, की निदान अर्धा तास सुटका नसायची. आता नाही ती. पण नाव तेच ठेव. सहा पाय, तोंड पिंपळाकडे."

भाची लिहीत गेली. मामी वाचत गेल्या. शहर एकेका भिंतीने, एकेका खांबाने खाटेपाशी येऊन उभं राहत होतं. डॉक्टर फेरीवर आले, दाराशी थबकले. मान जागच्या जागी आहे ना, एवढं त्यांनी पाहिलं आणि ते पुढे गेले. पांघरुणाखाली मामांचे दोन्ही पाय टाचेला चवडा लावत चालले होते, पण पायांबद्दल डॉक्टरांनी आधीही काही सांगितलं नव्हतं.